फिरत्या थाळीचा ताळेबंद

या सदरात ठेवी, नामनिर्देशन, निवृत्तिवेतन आणि वारसाची कागदपत्रे यांविषयी लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. परंतु गेल्या महिन्यात परंडा तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र संपादकांमार्फत हाती आले आणि त्याचे उत्तर खासगीत देण्याऐवजी येथेच द्यावे असे वाटले. कारण हा प्रश्न अनेक घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असणार. त्यांच्या सासऱ्यांनी जमवलेल्या साठ-पासष्ट तबकड्या एका लोखंडी ट्रंकेत आहेत. त्या वाजवण्याचे यंत्र केव्हाच निकामी झाले. मुलांचे म्हणणे, मोबाइलवर सारे मिळते, हे ओझे भंगारात द्यावे. सासूबाईंचे म्हणणे, मी आहे तोवर देऊ नका. अल्प किमतीचे एक स्वयंचलित यंत्र बाजारात मिळते असे भगिनींना कळले आहे. मात्र अशी यंत्रे तबकड्या कुरतडतात असेही त्यांना कोणी सांगितले. घ्यावे की न घ्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

घ्यावे, हे माझे उत्तर. ते ऐकीव माहितीवर दिलेले नाही. असे एक यंत्र गेली काही वर्षे आमच्या धाराशिवच्या घरात रोज चालते आहे, त्याच्या देखभालीची वही माझ्याकडे आहे आणि त्याची मुख्य वापरकर्ती माझी ८६ वर्षांची आई आहे.

प्रथम ‘स्वयंचलित’ म्हणजे काय ते सांगतो. साध्या यंत्रात सुईची भुजा आपण हाताने उचलायची, तबकडीच्या कडेवर नेमकी नेऊन अलगद टेकवायची आणि बाजू संपली की लगबगीने जाऊन परत उचलायची. अर्धस्वयंचलित यंत्र शेवटी थांबते, सुरुवात मात्र आपल्या हातांनी करावी लागते. पूर्ण स्वयंचलित यंत्रात एक बटण दाबले की थाळी फिरू लागते, भुजा आपोआप उठते, कडेवर जाऊन उतरते आणि गाणी संपताच परत आपल्या जागी जाऊन निजते.

बाजू संपली हे त्या निर्जीव भुजेला कसे कळते, याचे मला पहिले कित्येक दिवस कुतूहल होते. त्यात संगणक नाही, कसली दृष्टीही नाही. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एकच अखंड खाच असते. गाणे चालू असताना प्रत्येक फेऱ्याला भुजा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, जेमतेम केसाच्या जाडीइतकी आत सरकते. गाणी संपल्यावर हीच खाच लांब लांब ढांगा टाकीत केंद्राकडे धावते आणि भुजा एका फेऱ्यात काही मिलिमीटर ओढली जाते. या वेगातील फरकावर सारी युक्ती बेतलेली आहे. भुजेच्या मुळाशी थाळीखाली एक हलकी पट्टी असते. भुजेबरोबर ती किंचित पुढे येते आणि थाळीच्या आसाजवळचा एक लहानसा उंचवटा दर फेऱ्याला तिला मागे सारतो. पुढे येणे, मागे जाणे, असे शेकडो वेळा चालते. शेवटच्या खाचेत मात्र पट्टी एकाच फेऱ्यात इतकी पुढे येते की उंचवटा तिला मागे सारू शकत नाही, तिच्यात अडकतो. तो अडकला की शेजारचे दातेरी चाक थाळीच्या दात्यांत गुंतते आणि एक पूर्ण फेरा घेते. त्या चाकाच्या अंगावर कोरलेला वळणदार मार्ग भुजेला आधी उचलतो, मग बाजूला नेतो, मग आसनावर ठेवतो आणि अखेरीस मोटार बंद करतो. पूर्वी बँकेत रोखपाल जसा दिवसाअखेर पेटी मोजून, कुलूप लावून, दिवा मालवून जात असे, तसा हा क्रम ठरलेला आहे. बहुतेक स्वयंचलित यंत्रांची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते.

या रचनेतून दोन नियम आपोआप निघतात आणि यंत्राचे आयुष्य बहुतांशी त्यांवरच अवलंबून आहे. भुजा स्वतः हालचाल करीत असताना तिला बोट लावू नये. त्या क्षणी ती दात्यांच्या स्वाधीन असते आणि आपण जोर केला तर आतील प्लास्टिकचा दाता तरी तुटतो किंवा चाक अर्ध्यावर अडकते. दुसरा नियम आपल्या जिल्ह्याला विशेष लागू. भुजा उचलण्याची शक्तीदेखील फिरत्या थाळीतूनच येते, म्हणून मध्येच वीज गेली तर सुई आपण होऊन उठत नाही, थांबलेल्या खाचेतच बसून राहते. अशा वेळी भुजा वर घेण्याची जी वेगळी कळ असते ती दाबावी. आमच्या घरी यंत्राचा छोटा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या खटक्यावर घेतला आहे, त्यामुळे प्रश्न मिटला.

आता अपकीर्तीविषयी. ती अगदीच निराधार नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वयंचलित यंत्रांत मधल्या उंच दांड्यावर सहा-सात तबकड्या एकावर एक रचून ठेवीत आणि एक संपली की दुसरी धपकन तिच्यावर पडत असे. भुजा जड, कार्ट्रिज स्फटिकाचे, सुईचा भार पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक. त्या काळी तबकड्या झिजल्या हे खरे. आजही सूटकेसच्या आकाराची, रंगीबेरंगी, दिसायला मोहक यंत्रे फार स्वस्तात मिळतात. त्यांतील अनेकांचा भार असाच जास्त असतो आणि तो कमी करण्याची सोय नसते. ती घेऊ नयेत, हे भगिनींना मी स्पष्ट सांगेन. आमच्याकडील यंत्र ऑडिओ-टेक्निका या १९६२ साली टोकियोत स्थापन झालेल्या कंपनीचे, एल.पी. ६० जातीचे आहे. त्यात चुंबकीय कार्ट्रिज असून सुईचा भार तीन-साडेतीन ग्रॅमच्या आसपास कारखान्यातच ठरवलेला असतो. एवढा भार तबकडीला सोसवतो. किंमत मध्यम प्रतीच्या मोबाइलइतकी.

पुण्याला असणारा माझा भाचा अभियंता आहे आणि संगीताचा दर्दी आहे. यंत्राचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “मामा, ऑटोमॅटिक घेऊ नका. थाळी हलकी असते, कार्ट्रिज बदलता येत नाही, भार कमी-जास्त करता येत नाही. थोडे पैसे जास्त घाला आणि हाताने चालवायचे चांगले यंत्र घ्या.” त्याचे प्रत्येक म्हणणे बरोबर होते. त्याच्या घरी त्याने ऐकवलेली भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ आमच्या यंत्रावर तितकी खोल ऐकू येत नाही, हे मी मान्य करतो. पण यंत्राची परीक्षा करताना त्याच्या डोळ्यांसमोर कान होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आईचा उजवा हात होता.

आमच्या घरी तबकड्यांची मालकी वडिलांची आणि ताबा आईचा, अशी स्थिती होती. वडील कापडाचे व्यापारी. धाराशिव गावात तेव्हा रेल्वे नव्हती. बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी येडशीवरून लातूरला जाई. मालासाठी ते एस.टी.ने सोलापूरला जात आणि परतताना लुगड्यांच्या घड्यांमध्ये जपून एखादी तबकडी आणीत. गजाननराव वाटवे, माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे, पुढे ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ यांतील पदे. ‘गीतरामायण’ वडिलांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा दुसऱ्यांच्या रेडिओवर ऐकले होते. त्याच्या तबकड्या घरात आल्या तेव्हा एखादा वडीलधारा पाहुणा यावा तसा त्यांचा मान झाला. यंत्र एच.एम.व्ही.चे ‘फिएस्टा’, पेटीसारखे, उचलून नेता येणारे. तबकडी वडील निवडीत, पण सुई टेकवण्याचा अधिकार केवळ आईचा. टेकवताना ती श्वास रोखून धरी आणि पहिला खरखराट उमटला की सोडून देई. आम्हा मुलांना त्या पेटीला हात लावण्याची मनाई होती.

आवाज साठवून ठेवण्याचे मोल तिला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. तिचे माहेर भूम तालुक्यातले. १९५५च्या सप्टेंबरात आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीवर चालू असताना तेथे लोटलेल्या जनसमुदायात, सतरा वर्षांची असताना, तीही होती. महाराजांनी ८ सप्टेंबर रोजी मराठीतून केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. तो सुमारे २२ मिनिटांचा आहे, म्हणजे लांबीने एका एल.पी.ची जवळजवळ एक बाजू. महाराजांचा देह १८ सप्टेंबरला शांत झाला. ती २२ मिनिटे आजही ऐकता येतात.

काही वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. औषधाने तो आटोक्यात आला, गेला नाही. ताट-वाटीशी तिने जुळवून घेतले, सुईशी तिला जुळवता येईना. थरथरत्या हाताने टेकवलेली सुई घसरली तर एक ओरखडा कायमचा, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग ती सूनबाईला हाक मारू लागली, नातवाला हाक मारू लागली. सूनबाई स्वयंपाकात, नातू अभ्यासात. कोणी कधी नाही म्हटले नाही, तरी हळूहळू तिने हाक मारणे सोडले. घरात कोणाच्या ते चटकन लक्षातही आले नाही, कारण म्हातारे माणूस काही मागत नाही याची घरात तक्रार होत नसते. मोबाइलवर गाणी लावून देण्याचा प्रयोग झाला. दोन पदांच्या मध्ये साबणाची जाहिरात आली की ती चष्मा काढून ठेवी. शिवाय तिला हवे असते ते दुसऱ्या बाजूचे तिसरे पद, त्याच्या आधीचे दुसरे आणि नंतरचे चौथे, याच क्रमाने. तो क्रम तिच्या मनात पन्नास वर्षे मुरलेला आहे.

एक बटण दाबायला स्थिर हात लागत नाही. अंगठा थरथरला तरी बटण दाबले जाते. यंत्र आले त्या संध्याकाळी मी काही बोललो नाही, यंत्र जोडून दिले आणि अंगणात जाऊन बसलो. आतून माणिकबाईंचा आवाज आला. बाजू संपली, भुजा परत गेली, आणि थोड्या वेळाने तीच बाजू पुन्हा सुरू झाली.

या व्यवस्थेतील उणीवही सांगितली पाहिजे. तबकडी पाकिटातून काढून थाळीवर ठेवणे आणि उलटणे हे काम यंत्र करीत नाही, आणि कंप असलेल्या हातांनी ते करणे धोक्याचे. म्हणून सकाळच्या देवदर्शनानंतर मी तिला विचारून एक तबकडी चढवून ठेवतो. दिवसभरात ती हवी तेव्हा बटण दाबते. दुपारी मी बाहेर गेलो की ती एकच बाजू पुन्हा पुन्हा ऐकते. अलीकडे बहुतेक तबकड्यांची पहिली बाजू तिला नकोशी झाली आहे आणि मी दुसरी बाजू वर करून जातो.

आता देखभाल. येथे भगिनींनी कागद-पेन्सिल घ्यावी.

पहिल्या दिवशी थाळी फिरली नाही तर घाबरून यंत्र परत पाठवू नये. प्रवासात ताण बसू नये म्हणून रबरी पट्टा बहुधा मोटारीच्या चकतीवर चढवलेला नसतो. थाळीला एक खिडकी असते. त्यातून पट्ट्याला बांधलेली लाल फीत ओढून पट्टा पितळी चकतीवर चढवायचा, फीत काढून टाकायची, झाले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने न फिरणारे यंत्र दुरुस्तीला नेले, तेव्हा दुरुस्त करणाऱ्याने मोटार जळाल्याचे सांगून चांगली रक्कम मागितली होती. पट्टा चढवल्यावर तीच मोटार आजतागायत चालते आहे.

आवाज अगदी क्षीण येत असेल तर यंत्राच्या मागील बाजूचा लहान खटका पाहावा. तबकडीत आवाज कोरताना जाड स्वर मुद्दाम दाबलेले आणि बारीक स्वर वाढवलेले असतात, अन्यथा खाचा एकमेकींत घुसतील. ऐकताना हा हिशेब उलटा करून मूळ तोल परत मिळवणारी एक पायरी लागते. ती या यंत्रातच असते आणि खटका ‘लाइन’कडे केला की चालू होते. साध्या स्पीकरसाठी तो ‘लाइन’कडेच हवा. उलट ॲम्प्लिफायरमध्येही ती सोय असेल आणि दोन्ही एकदम चालू राहिल्या तर आवाज फाटून येतो.

यंत्र ठेवायची जागा सपाट असावी. गवंड्याकडील पाणसळ थाळीवर आडवी-उभी ठेवून पाहावी आणि ज्या कोपऱ्याला उतार असेल तेथे पुठ्ठ्याचा तुकडा द्यावा. स्पीकर त्याच मेजावर ठेवू नये. त्याची थरथर सुईत परत शिरते.

वेग तपासण्याची माझी रीत कोणालाही जमेल अशी आहे. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. तबकडीच्या कडेला कागदाचा लहानसा कपटा ठेवावा, घड्याळ लावावे आणि मोजावे. शंभर फेरे १८० सेकंदांत पडले तर उत्तम, एक-दोन सेकंद इकडेतिकडे चालतील. हेच १७० सेकंदांत पडले तर वेग सहा टक्क्यांनी वाढला आणि पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागला असे समजावे. फेरे उशिरा पडू लागले तर बहुधा पट्टा सैल झालेला किंवा चिकट झालेला असतो. दोन-तीन वर्षांनी बदललेला बरा, किंमत किरकोळ. आमच्याकडे हा दोष घड्याळाआधी आईला कळला. “आज बुवांचा आवाज बसल्यासारखा वाटतो,” एवढेच ती म्हणाली. मोजले तर शंभर फेऱ्यांना १८४ सेकंद लागत होते.

धूळ हा आपल्या भागातील मोठा शत्रू. उन्हाळ्यातील वावटळ बंद खिडकीतूनही घरात येते आणि थंडीतील कोरड्या हवेत तबकडीवर विद्युतभार साठून ती धुळीला स्वतःकडे ओढते. वाजवण्यापूर्वी मऊ केसांच्या कुंचल्याने, थाळी फिरत असताना, खाचेच्या दिशेने धूळ टिपावी. सुई साफ करताना कुंचला नेहमी मागून पुढे, आपल्याकडे फिरवावा. उलटा किंवा आडवा फिरवल्यास सुईची बारीक नळी वाकते. फार मळलेली तबकडी धुवायची झाल्यास बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, आणि मऊ सुती कापड. आपल्या घरी पाणी गाळूनच वापरतात, परंतु गाळल्याने जीवजंतू अडतात, क्षार अडत नाहीत, आणि धाराशिवच्या बोअरचे पाणी वाळल्यावर काय ठेवून जाते हे प्रत्येक गृहिणीला तिच्या तांब्याच्या कळशीवरून माहीत आहे. मधला कागदी शिक्का भिजू देऊ नये. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात; आडव्या थप्पीत खालच्या दबतात. आणि ट्रंक पत्र्याच्या छपराखाली असेल तर ती आजच हलवावी. एप्रिल-मे महिन्यांत तेथील उष्णतेने तबकडी पापडासारखी वाकते आणि एकदा वाकलेली सहसा पूर्ववत होत नाही.

यंत्रावर ३० आणि १७ सेंटिमीटर असे दोन आकार निवडण्याची कळ असते. लहान तबकडी ठेवून कळ मोठ्यावर राहिली तर सुई रबरावर उतरते. जुन्या संग्रहात २५ सेंटिमीटरच्याही काही तबकड्या निघतात. त्यांसाठी या कळीत जागा नाही, तेथे भुजा हातानेच न्यावी लागते.

सुईविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तबकडी टिकवायची की झिजवायची हे यंत्राच्या किमतीवर कमी आणि सुईच्या वयावर अधिक ठरते. टोक हिऱ्याचे असले तरी ते झिजते आणि झिजलेल्या टोकाला धार येते. मग ते खाच वाचत नाही, कापते. साध्या गोल टोकाच्या सुईसाठी सुमारे ४०० तासांचे आयुष्य धरतात. तबकडीच्या मधल्या फेऱ्याचा परीघ साधारण ६५ सेंटिमीटर, तासाला फेरे २०००. म्हणजे सुई तासाला १३०० मीटर चालते. चारशे तासांत ५२० किलोमीटर. धाराशिवहून निघून, मुंबई गाठून, परतीच्या वाटेवर ती पुन्हा घाट चढू लागेल. एवढ्या पायपिटीनंतर बदलीची सुई आणली तर तिला ऐष म्हणता येणार नाही. यंत्रासाठी दुप्पट पैसे घालण्यापेक्षा तोच पैसा वेळच्या वेळी सुईसाठी राखावा, असे माझे ठाम मत आहे. बँकेच्या भाषेत, यंत्र ही मालमत्ता, तबकड्या ही त्याहून मोठी मालमत्ता, आणि सुई हा घसारा. तो दरवर्षी नोंदवला नाही तर तबकड्यांची किंमत पुस्तकात दिसते, प्रत्यक्षात उरत नाही. मूळ सुईची पेटी जपून ठेवावी. नवी मागवताना तिच्यावरील क्रमांक लागतो. आमच्या यंत्राला ए.टी.एन. ३६०० एल चालते. जुनी पुढून खाली दाबून ओढली की निघते, नवी सरकवून ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवायची. कोणत्याही हत्याराची गरज नाही.

आता ट्रंकेत ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्या असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. या यंत्राला तो वेगच नाही, आणि त्यांची खाच इतकी रुंद असते की एल.पी.ची सुई तळाशी जाऊन घासते. त्या बाजूला ठेवाव्यात, आणि पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच वापरू नये, कारण त्या विरघळतात. त्या लाखेच्या असतात. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवरील सूक्ष्म किड्यांचा स्राव; दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्याच्या तबकड्या दाबून काढीत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८पासून दमदमला, तेव्हा छोटा नागपूरची लाख जवळ असणे ही मोठी सोय होती. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माझे आजोबा त्या आधारावर तबकडी घरात येऊ देत नसत. वर्ज्य आहे तो व्यापार, विकत घेऊन ऐकणे नव्हे, असा वडिलांचा युक्तिवाद होता आणि तो आजोबांनी कधी मान्य केला नाही. १९४८ साली अमेरिकेत विनाइलची एल.पी. निघाली; पुढे ती आपल्याकडे आली, तेव्हा लाखेचा मुद्दाच निकाली निघाला. आमच्याकडील लाखेच्या तबकड्या मोजून अकरा, त्या सगळ्या आजोबांच्या पश्चात आलेल्या. भगिनींनी तशा तबकड्या भंगारात मात्र देऊ नयेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा ध्वनिमुद्रिकांच्या नोंदीचे मोठे काम केले आहे, आणि पुष्कळ नाट्यपदे आज ऐकायला मिळतात ती कोणी तरी आपली ट्रंक विकली नाही म्हणून.

राहिला हिशेब. तासांची नोंद ठेवण्यासाठी मी यंत्राशेजारी एक शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवली आहे. एक बाजू वाजली की आई एक रेघ ओढते. बाजू सरासरी वीस मिनिटांची, म्हणजे ४०० तासांच्या १२०० रेघा. त्या रेघा सरळ नसतात. काही वर जातात, काही शेजारणीला छेदतात, आणि महिन्याअखेर मोजताना मला भिंग घ्यावे लागते. एकदा मी सुचवले की मीच रोज रात्री विचारून लिहून ठेवत जाईन. “तुझ्या बँकेत खातेदाराची सही तू करायचास का?” असे तिने विचारले, आणि वही तिच्याकडेच राहिली.

परवाच्या मोजणीत १०४० रेघा भरल्या. नवी सुई मागवून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. भगिनींनी यंत्र घेतले तर पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवावी, रेघा सासूबाईंनाच ओढू द्याव्यात, आणि ट्रंक उघडल्यावर सर्वांत वर कोणती तबकडी निघाली ते मला अवश्य कळवावे.